घरातील गोड गोळी : औषधदान आणि विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वेल्हे येथे योजलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)

 

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने श्रेष्ठ मानली. त्यांपैकी औषधदानाला वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखात विशेष मोल आहे. तोरणा आणि राजगडाच्या कुशीतील हा तालुका. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मंजुरी दिली. तरी लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव आहे. पुणे येथून पन्नास किलोमीटरहून अधिक दूर. आषाढ-श्रावणात पाऊस एकदा लागला की घाटात दरड येते, ओढ्यांना पूर येतो आणि केळदसारख्या टोकाच्या गावातून रात्री रुग्ण खाली आणणे ही मोठी परीक्षा ठरते. अशा ठिकाणी घरात थोडेफार औषध हवे, असे प्रत्येक गृहिणीला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अनेक घरांत देवघराशेजारच्या कपाटात एक छोटी पेटी असते आणि तिच्यात साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या असतात. सर्दीला एक, मार लागला तर दुसरी, बाळाचे दात येताना तिसरी.

ही पेटी घरात ठेवावी का, ठेवली तर कशासाठी वापरावी आणि कोणत्या क्षणी ती बंद करून रुग्णाला उचलावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पद्धतीचा उगम

होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हानेमान यांचा जन्म १७५५ मध्ये जर्मनीतील माइसेन येथे झाला. त्या काळी युरोपात रक्त काढणे, जुलाब देणे, पाऱ्याची औषधे पाजणे हे उपचार सर्रास चालत आणि रोगापेक्षा उपचारानेच रुग्ण खंगत असे. या क्रूरतेचा हानेमान यांना उबग आला. १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतःवर वापरून पाहताना त्यांना हिवतापासारखी लक्षणे जाणवली. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच सूक्ष्म मात्रेत त्या लक्षणांच्या रोग्याला द्यावे, असा सिद्धांत त्यातून त्यांनी मांडला. १८१० मध्ये त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८४३ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

भारतात १८३९ मध्ये डॉ. होनिगबर्गर यांनी लाहोर दरबारी महाराजा रणजितसिंह यांच्यावर या पद्धतीने उपचार केले. पुढे कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ मध्ये तिचा जाहीर पुरस्कार केला. १८८० मध्ये फादर म्युलर यांनी मंगळूरच्या कंकनाडी येथे गोरगरिबांसाठी औषधे देण्यास आरंभ केला. स्वस्त, गोड आणि टोचणी नसलेले औषध म्हणून ते घराघरांत पोहोचले. जर्मनीचेच डॉ. शूस्लर यांची ‘बाराक्षार’ पद्धतीही त्याच्या जोडीने आली. अनेक धर्मादाय दवाखान्यांनी हा मार्ग स्वीकारला, त्यामागे करुणाच होती. त्या करुणेविषयी आदर बाळगूनच पुढील विचार करावयाचा आहे.

गोळीत काय असते?

बाटलीवर ‘३०’ किंवा ‘२००’ असा आकडा असतो. अनेकांना वाटते की आकडा मोठा तेवढे औषध अधिक. वस्तुस्थिती उलट आहे. मूळ अर्काचा एक भाग आणि पाणी अथवा मद्यार्काचे नव्व्याण्णव भाग मिसळून हलवले की पहिली पायरी झाली. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भागांत मिसळला की दुसरी. अशा तीस पायऱ्या म्हणजे ‘३०’. मूळ द्रव्याचा अंश या रीतीने एकावर साठ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येने विभागला जातो. रसायनशास्त्राच्या हिशेबाप्रमाणे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा कण उरण्याची शक्यता संपते. पुढे उरतात ते पाणी, मद्यार्क आणि ज्यावर ते शिंपडले ती साखर.

अशा गोळीचा रोगावर परिणाम होतो का, याची तपासणी अनेक देशांत झाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन निष्कर्ष दिला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच इशारा दिला होता की क्षय, हिवताप, एड्स, इन्फ्लुएन्झा आणि बालकांचा अतिसार यांवर या उपचारावर विसंबू नये.

मग इतक्या घरांना गुण आल्याचा अनुभव कसा येतो? साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. मुका मार उतरतो. दात येणाऱ्या बाळाची चिडचिड काही दिवसांनी शमते. या काळात आई कपाळावर हात ठेवते, चार तासांनी गोळी देते, बाळाकडे लक्ष ठेवते. त्या मायेचा आणि आश्वासनाचा उपयोग खरा आहे; श्रेय मात्र गोळीला मिळते. आणखी एक लाभ नाकारता येत नाही. साध्या सर्दीवर प्रतिजैविके काम करत नाहीत. तरी मागून घेऊन ती खाल्ली जातात आणि त्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोड गोळीच्या निमित्ताने घरातील माणसे दोन दिवस धीर धरत असतील, तर ते निरुपयोगी नाही. फक्त त्या धीराला मर्यादा असावी.

श्रावकाने विचारावयाचे प्रश्न

रोगाचा विचार करण्यापूर्वी व्रताचा विचारही येथे उचित होईल. साखरेची गोळी म्हणजे निर्दोष वस्तू, असा समज आहे. पण औषधांची मूळ द्रव्ये पाहिली तर श्रावकाला थबकावे लागते. सर्दीवर घरोघर दिली जाणारी ‘ॲलियम सेपा’ म्हणजे कांदा. जे कंदमूळ स्वयंपाकघरात येत नाही, ते औषधाच्या पेटीत लॅटिन नावाने येऊन बसते. ‘एपिस मेलिफिका’ मधमाशीपासून तयार होते. मध ज्या हिंसेमुळे वर्ज्य मानला, तीच हिंसा येथे आहे. ‘लॅकेसिस’ हे सापाचे विष, ‘सेपिया’ ही समुद्रातील माकुलीची शाई, ‘कँथॅरिस’ हा एक कीटक, ‘कॅल्केरिया कार्ब’ हा कालवाचा शिंपला आणि दम्यावर दिली जाणारी ‘ब्लाटा ओरिएंटॅलिस’ म्हणजे झुरळ.

तिसाव्या पायरीत द्रव्याचा कणही उरत नाही, तेव्हा दोष कसला, असे कोणी म्हणेल. परंतु कण उरला नाही तरी ज्याच्यापासून अर्क काढला त्या जीवाचे प्राण गेलेच. शिवाय द्रवरूप औषधांत, विशेषतः मदर टिंक्चरमध्ये, मद्यार्काचे प्रमाण मोठे असते. याउलट आर्निका, पल्सेटिला या वनस्पती आहेत, ‘सल्फर’ म्हणजे गंधक आणि ‘नेट्रम म्युर’ म्हणजे साधे मीठ. ज्यांना व्रत सांभाळावयाचे आहे त्यांनी बाटलीवरील नावाचा अर्थ विचारून घ्यावा. लॅटिन नावामागे दडलेली वस्तू जाणून घेणे हाही स्वाध्यायच आहे.

रात्री चौविहार असताना गोळी चालते का, हा पच्चक्खाणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गुरुभगवंतांकडूनच घ्यावे. मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. पच्चक्खाणाच्या सूत्रात पूर्वाचार्यांनी आगार ठेवले आहेत आणि त्यांत तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून ‘सर्वसमाधि’चा आगार आहे. रात्री छातीत कळ आली, श्वास लागला, तर सूर्योदयाची वाट पाहत बसणे हा त्या व्यवस्थेचा आशय नव्हे.

निरुपद्रवी की उपद्रवी?

उच्च पायरीच्या गोळीत काही उरत नाही, म्हणून ती सहसा अपायही करत नाही. पण पायरी जितकी खालची, तितके मूळ द्रव्य अधिक, हे विसरू नये. ‘आर्सेनिक अल्बम’ म्हणजे सोमल, ‘ॲकोनाइट’ हा बचनागाच्या जातीचा विषारी अर्क, ‘नक्स व्होमिका’ म्हणजे काजरा अर्थात कुचला. ही जहाल विषे आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळाच्या दातांसाठी विकल्या जाणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तेव्हा बेलाडोनाचे प्रमाण एका गोळीत एक आणि दुसरीत दुसरेच, काहींत तर लिहिल्यापेक्षा फार जास्त आढळले. म्हणून मदर टिंक्चर आणि खालच्या पायरीची औषधे लहान मुलांना घरच्या घरी देऊ नयेत. नाव, तारीख आणि निर्मात्याचा उल्लेख नसलेली पांढरी पुडी कोणी कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नये.

सर्वांत मोठा उपद्रव मात्र गोळीतून होत नाही. तो गोळीच्या भरवशावर गेलेल्या वेळेतून होतो. जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडच्या प्रतिबंधासाठी ‘आर्सेनिक अल्बम ३०’ सुचवले आणि महाराष्ट्रात गावोगाव, संस्थासंस्थांतून त्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या. वाटणाऱ्यांचा हेतू सेवेचाच होता. परंतु त्या गोळीने संसर्ग टळतो असा पुरावा नव्हता. ‘गोळी घेतली आहे’ या समजुतीने मुखपट्टी सैल झाली, तर ते दान उलटते. संरक्षणाचा तपासलेला मार्ग १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या लसीकरणाने मिळाला. औषधदान करणाऱ्या प्रत्येक संस्थेने यातून बोध घ्यावा : दानाला हेतूची शुद्धी लागते, तसेच द्रव्याचे ज्ञानही लागते.

पेटीशेजारी घड्याळ

यासाठी पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा आणि त्यावर प्रत्येक तक्रारीची मुदत लिहावी.

सर्दी, घसा खवखवणे, साधा खोकला : विश्रांती, कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. धाप लागली, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या, तर त्याच क्षणी दवाखाना. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी. ती सरकारी केंद्रात विनामूल्य होते.

ताप : तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर मुदतच नाही, त्वरित डॉक्टर. मोठ्यांत दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर रक्ततपासणी. भातखाचरात, चिखलात काम करणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल अथवा पिवळे झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. डेंग्यूमध्ये ताप उतरतानाच धोका वाढतो. पोटदुखी, सतत उलटी, रक्तस्राव ही लक्षणे तेव्हा पाहावीत.

जुलाब : पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. दवाखान्यात ओआरएसची पुडी आणि मुलांसाठी चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मिळतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर निघावे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि शेकड्यात तीसच्या घरात असलेले मृत्यू चारच्या आत आले. ‘नेट्रम म्युर’च्या गोळीतही मीठच आहे, पण विरता विरता नाहीसे झालेले. जीव वाचवते ते चमच्याने मोजलेले मीठ.

विंचू आणि साप : येथे पेटी उघडूच नये. वेल्हे-भोरच्या डोंगरापलीकडे, महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर आघात होतो आणि प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ज्या सह्याद्रीत विंचूदंशाने तरणीताठी माणसे दगावत, तेथे मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आले. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की मिनिटाचाही विलंब नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर प्रतिविषाशिवाय उपाय नाही. दंशाचा अवयव हलू न देता, न कापता, न चोखता, घट्ट न आवळता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात विनामूल्य आहे.

कुत्र्याचा चावा : पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे : तत्काळ १०८. पक्षाघातात गाठ विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यातले दोन तास तर रस्त्यातच जातात.

भाजणे : वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली. डोक्याला मार लागून उलटी अथवा गुंगी आली, तर आर्निका नव्हे, रुग्णालय.

आणि कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत : मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, अपस्मार यांची चालू औषधे गोड गोळीच्या भरवशावर कदापि थांबवू नयेत. पर्युषणात अठ्ठाई अथवा मोठी तपश्चर्या करू इच्छिणाऱ्या मधुमेही व्यक्तीने आधी डॉक्टरांना आणि गुरुभगवंतांना, दोघांनाही विचारावे.

आधीच घरात असलेले औषध

रोग झाल्यावरच्या उपायांपेक्षा तो होऊ न देणे श्रेष्ठ, आणि याबाबतीत जैन आचार विलक्षण समृद्ध आहे. पाणी गाळून पिण्याची प्रथा सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील एका अभ्यासात जुन्या साडीच्या अनेक पदरी कापडातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते कापडावर अडकतात. सर्वच जंतू कापडाने अडत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे लागते, आणि उकळलेल्या पाण्याचा नियमही जैन घरांत आहेच. सूर्यास्तापूर्वीचे हलके भोजन, मद्य आणि तंबाखूचा त्याग, शिळ्या अन्नाचा निषेध : हे सारे कोणत्याही पेटीत न मावणारे औषध आहे.

ज्यांना होमिओपॅथीचा उपचार घ्यावयाचा असेल त्यांनी तो पुस्तकावरून स्वतः न ठरवता नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावा. या पदवीसाठी साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, इंटर्नशिप त्यातच आली. रुग्णाला पुढे पाठवण्याची वेळ सुजाण डॉक्टर ओळखतात. तीस पानांच्या घरगुती पुस्तिकेला ते शक्य नाही.

समारोप

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने औषधदानाचा नवा संकल्प करावयाचा झाल्यास तो असा असू शकेल : प्रत्येक घरात ओआरएसच्या पुड्या, झिंक, पॅरासिटामॉल, तापमापक, स्वच्छ पट्टी आणि वर सांगितलेला मुदतींचा कागद, प्रत्येक वाडीत रात्री गाडी देऊ शकेल अशा एका माणसाचे नाव, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क करून सर्पदंशाचे प्रतिविष उपलब्ध असल्याची खात्री. यांत खर्च थोडा आहे, पुण्य मोठे आहे. आणि अडलेल्या रुग्णाला रात्री वेळेवर खाली पोहोचवणे, यात औषधदान आणि अभयदान एकत्र येतात.

गोड गोळीची पेटी ज्या आजींनी, ज्या मातांनी मायेने सांभाळली, त्यांची माया खरीच होती. तिच्या शेजारी घड्याळ ठेवले की त्या मायेला विवेकाची जोड मिळेल.

जिनाज्ञेविरुद्ध अथवा कोणाच्या श्रद्धेला दुखावणारे काही उच्चारले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

॥ जय जिनेंद्र ॥